हात लावून सांग

कौलांवर झुकलेली शेवटची फांदी करवतीला चार बोटं लांब पडत होती. झाडावर चढलेला तो जिच्या आधाराने लटकला होता, ती कमरपट्ट्याची पुढची दोरी लांबवायला हवी होती. “खाली ये, गाठ जमिनीवरच सरकव!” ताई खालून ओरडली. “चार बोटांसाठी चाळीस फूट उतरू? खोडाभोवती दुसरी दोरी आहे की!” छाटलेल्या फांदीच्या खुंटावर पाय रोवून त्याने गाठ अर्धी सोडलीसुद्धा. “मग तिचा हुक कुठंय? हात लावून सांग.” हा ताईचा रोजचा नियम. “कडीत आहे गं बाई!” म्हणत त्याने कंबर चाचपली. पट्ट्याची लोखंडी कडी रिकामी होती. हुक शेजारच्या, करवत टांगायच्या पातळ पट्टीत होता. माणसाच्या वजनाने ती तटकन तुटली असती. त्याने आधी गाठ आवळली, मग हुक कडीत घातला. “ताई, उतरतोय.” “चक्क ऐकलंस? ताप-बिप आलाय का रे?”