नोटिशीचं कलम

मेकाँगकाठच्या त्या देशात प्रत्येक कायदा आधी संगणकातल्या हुबेहूब देशावर राबवून पाहत. भूसंपादन कायद्याची चाचणी चालू होती. पडद्यावर एक म्हातारी बुलडोझरसमोर बसली होती.

"नोटीस लावली होती म्हणे. मला वाचता कुठे येतं?" ती विचारत होती.

"ती खरी नाही. अहवालावर सही कर, संध्याकाळी मतदान आहे," आयोगाचे अध्यक्ष बुनथान म्हणाले.

"खऱ्या जनगणनेवरून बनवलीय, सर," संशोधक मणिवोन म्हणाली. "बान खामसाय गावातली आहे."

आपल्याच गावाचं नाव ऐकून बुनथान पडद्याजवळ गेले. म्हातारीने मान वर केली. चेहरा त्यांच्या आईचाच होता.

"आई, ऊठ तिथून," ते पुटपुटले. तिला ऐकू जाणार नव्हतं. बुलडोझर पुढे सरकला.

त्यांनी कायद्याच्या मसुद्यातल्या नोटिशीच्या कलमावर काट मारली.

"मंत्र्यांना कळव," ते म्हणाले, "आज मतदान होणार नाही."