चौथ्या प्रकरणातला उंट

उमाकांतने बुद्धिबळातल्या सुरुवातीच्या चालींवर लिहिलेल्या पुस्तकाची हुद्दार सरांनी मासिकात पार सालटी काढली होती. "चौथ्या प्रकरणात उंट फुकट मरतो. या लेखकाला शिकवलं कुणी?"

"तुम्हाला त्यांनीच शिकवलं ना? द्या की खरमरीत उत्तर!" प्रकाशक फोनवर तापला.

"तोंडावर देतो," म्हणत उमाकांत खुशीत निघाला.

हुद्दारकाकू वारल्यापासून सरांनी पटाला हात लावला नव्हता. उमाकांत आला की "खेळ संपला रे" म्हणून दार लोटून घ्यायचे. आज मात्र दारातच कडाडले, "गाढवा, उंट तिथे जातो?"

"पुस्तकात तर जातो, सर."

"आत ये, दाखवतो!" सरांनी माळ्यावरून पट काढला, सदऱ्याच्या टोकाने धूळ पुसली. सोंगट्या मांडता मांडता त्यांचा हात थांबला. "मुद्दाम घोळ घातलास ना?"

"चुकीची चाल दिसल्यावर तुम्हाला गप्प बसवतं का कधी?"

"आणि पुस्तकाचं वाटोळं झालं ते?"

"होऊ दे की."

सरांनी शेवटचं प्यादं घरात ठेवलं. "तुझी काकू गेल्यापासून मला कुणी चिडवलंच नव्हतं रे," ते म्हणाले आणि पांढऱ्या सोंगट्या उमाकांतकडे येतील असा पट त्यांनी फिरवला.