कठडा अडखळतो

कठडा पुन्हा अडखळला. तिने डोळ्यांवरचा व्हीआर गेमचा हेडसेट काढून सोफ्यावर टाकला आणि स्वतःही शेजारी पडली.

"चक्कर?" नवऱ्याने विचारलं.

"छे, आनंदाने झोके घेतेय."

"ती उंचीची नाही गं. मान आधी वळते आणि चित्र मागून येतं, म्हणून गरगरतं. दोष तुझा नाही, ग्राफिक्स कार्डाचा आहे."

दोष आपला नाही हे नवऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं, पण त्याने प्रश्न सुटत नव्हता. ती शाळेत भूगोल शिकवायची. वर्गात दऱ्या, कडे, पर्वतरांगा बिनधास्त ओलांडायची. घरी मात्र, राहायला आल्यापासून अकराव्या मजल्यावरच्या स्वतःच्या बाल्कनीत तिने पाऊल टाकलं नव्हतं. दाराशी गेलं की ती तिथूनच मागे फिरायची. कपडे नवरा वाळत घालायचा, आणि ते लांबून पाहताना तिचा जीव वेगळ्याच कारणाने कासावीस व्हायचा.

हे घर त्याने त्या बाल्कनीवर भाळून घेतलं होतं. आता तिथे एकट्याने चहा पिऊन तोही कंटाळला होता. "विकून टाकू," तो म्हणाला होता, 'मला भूक नाही' हे ज्या आवाजात म्हणतात त्या आवाजात. रविवारी संध्याकाळी दलाल गिऱ्हाईक घेऊन येणार होता.

खेळून भीती घालवायची, ही कल्पनाही त्याचीच. गेम खेळायचा संगणक घरात होता. बिनवायरचा हेडसेट त्याच्या मावसभावाने हौस फिटल्यावर दिला होता. नवऱ्याने हॉलमध्ये चौकोन आखून दिला. खेळ सुरू नसला किंवा त्या चौकोनाबाहेर पाय पडला की हेडसेटच्या कॅमेऱ्यातून खरी खोली दिसायची, म्हणजे माणूस टीपॉयवर आपटायचा नाही. ती तरीही आपटली होती. वाऱ्यासाठी त्याने समोर टेबलफॅन लावला, कठड्यासाठी कपड्यांचा स्टँड हाताशी आणून ठेवला. खरं वाटत नव्हतं ते फक्त चित्र.

"नवा संगणकच घेऊन टाक ना," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने नवा नवरा घ्यायची भाषा केली. "अख्खा कशाला? मेमरी वाढवून झाली. आता कार्ड बदललं की पळेल. मावसभावाचं जुनं पडूनच आहे, निम्म्याहून कमी किमतीत देतोय."

"म्हणजे त्याची अडगळ आपल्याकडे."

"त्याची अडगळ, आपली प्रगती. पंखा जरा घोंघावतो म्हणाला, एवढंच."

रविवारी सकाळी कार्ड आलं. त्याच्या अंगात उत्साह संचारला होता. "आज खेळात दुसरी कुठली इमारत नको. आपलंच घर घालतो, आपलीच बाल्कनी. म्हणजे नेमकी सवय होईल." तो मोबाइल घेऊन आत-बाहेर फोटो काढत राहिला. ती बाल्कनीकडे पाठ करून ओले केस टॉवेलने पुसत बसली. ड्रायर सकाळपासून सापडत नव्हता.

"तू हेडसेट घालून तयार राहा," असं म्हणून तो आतल्या खोलीत गेला.

तिने हेडसेट चढवला. आधी काळोख, मग समोर हॉल. त्यांचाच. सोफा, टीपॉय, टीपॉयवर त्याने तसाच ठेवलेला चहाचा कपसुद्धा.

"अरे, कपही घातलास? तो तरी उचलायचा होतास!"

आतून फक्त घोंघावणं ऐकू आलं. मावसभाव खोटं बोलला नव्हता.

तिने मान डावीकडे वळवली. चित्र बरोबर आलं. उजवीकडे, तरी बरोबर. भर्रकन मागे वळून पाहिलं. हॉल तिच्या मागे लागल्यासारखा न येता मुकाट्याने जागच्या जागी होता. चित्र किंचित दाणेदार होतं, पण स्वस्तातल्या कार्डाला एवढं चालायचंच.

बाल्कनीचं दार उघडं दिसत होतं. ती उंबऱ्याशी आली. सवयीने एक पाऊल मागे गेली. 'चित्र आहे हे,' तिने स्वतःला बजावलं. 'चित्राला काय भ्यायचं?' आणि पाऊल टाकलं.

वारा गालाला लागला. आज टेबलफॅन त्याने अगदी मोक्यावर लावला होता. तिने हात पुढे केला, तर स्टँडही नेमका तिथेच, गार. त्याला धरून ती वाकली. खाली इवल्याशा गाड्या, रखवालदाराची खुर्ची, झाडाचा वरून कधीच न पाहिलेला शेंडा. सगळं वाहत्या पाण्यासारखं सलग. कुठे अडखळणं नाही, गरगरणं नाही.

शेजारी दोरीवर नवऱ्याचा मोजा जेमतेम बोटभर टोकाने लटकत होता. हा बारकावा पाहून तिला हसू आलं. तो सरळ करायला तिने हात उचलला आणि खेळातल्या वस्तू हाती लागत नाहीत हे आठवून मागे घेतला.

कितीतरी वेळ ती तशीच उभी राहिली. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटत होतं. मग सावकाश परत हॉलमध्ये आली, हेडसेट काढला आणि पहिलं काम म्हणजे दलालाला फोन लावला.

"संध्याकाळी येऊ नका. नाही, किमतीचा प्रश्न नाही. आम्हाला घर विकायचंच नाही."

हसतच ती आतल्या खोलीच्या दारात गेली. "मानलं तुला! काय कार्ड आहे! जरासुद्धा अडखळलं नाही."

नवरा जमिनीवर मांडी घालून बसला होता. समोर संगणक उघडा पडला होता, त्याची वायर भिंतीतून काढलेली. त्याच्या एका हातात तिचा ड्रायर होता, दुसऱ्या हातात कार्ड.

"काय अडखळलं नाही?" त्याने ड्रायर बंद केला. "थांब गं जरा. आत्ता कुठे धूळ उडवून झाली. बसवायचंय अजून."

तिने आपला तळहात वर करून पाहिला. त्यावर कठड्याची धूळ होती.