घराची बेंबी

"उतरणार नाही म्हणजे नाही! घर न्यायचं तर मला आत घेऊन न्या!"

इसाब्बे खिडकीतून ओरडली आणि खाली बांबूंना खांदे लावून उभे असलेले सगळे गडी हसले.

"बसू दे मावशीला आत," गावप्रमुख दाएंग पासो म्हणाला. "अंगात वजन नाहीच तिच्या. जे काय आहे ते जिभेत!"

हाळी झाली आणि घर उठलं. खांबांसकट, पत्र्यासकट आणि चुलीजवळ फतकल मारून बसलेल्या मालकिणीसकट. आमच्या बुगिस मुलखात घरं लाकडी, उंच खांबांवर उभी, त्यामुळे त्याचं कुणाला नवल नाही. जमीन रुसली की घर उचलायचं आणि चालू पडायचं. इसाब्बेच्या घरामागची टेकडी गेल्या पावसाळ्यात फाटली होती. भेगेत आता कोपरापर्यंत हात जायचा. पुढच्या पावसात ती खाली येणार, हे कोंबड्यांनाही कळत होतं.

पण जायचं कुठे? रिकामी जागा एकच, गावाबाहेर खाडीच्या काठी. शेजार नाही, पाजार नाही. भरतीचं पाणी पायरीला लागायचं. लेक दूर मकास्सर शहरात, नवरा कधीचा मातीआड. तिथे एकट्या म्हातारीनं पडून हाक मारली, तर ऐकणार कोण? दाएंग पासोला रुखरुख होती. "लामाप्पाचं आवार मोकळंच आहे, शब्द टाकू का?" असं त्यानं विचारूनही पाहिलं होतं.

"त्याच्या आवारात? मेले तरी त्याच्या वीतभर जमिनीवर पाय ठेवणार नाही! त्याच्या उपकारावर जगू होय?"

ओढ्यापलीकडचा लामाप्पा आणि इसाब्बे म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य. त्याच्या शेळीनं एकदा हिचं लग्नातलं रेशमी लुगडं वाळत घातलेलं खाल्लं. चूक झाली म्हणायचं सोडून हा बाबा म्हणाला, "शेळीची आवड चांगली आहे." झालं! तेव्हापासून अबोला. अबोला म्हणजे तो गप्प आणि ही बोलतेय. गेल्या आठवड्यात तर तो दोरी घेऊन तिच्या घराखाली रांगताना सापडला. तिनं वरून मासे धुतलेलं पाणी ओतलं. "मोजतोस काय मेल्या? मी मरायच्या आधीच लाकडं विकायला काढलीस?" तो निथळत निघून गेला. जाताना दोरीला एक गाठ मात्र मारलीन.

आणि आज तोच पुढच्या कोपऱ्याला, बरोबर तिच्या खिडकीखाली.

"नीट धर रे! माझी मडकी फुटतील."

"तोंड मिटलंस तर घर हलकं होईल," लामाप्पा धापा टाकत म्हणाला.

ओढा ओलांडला. खाडीची वाट लामाप्पाच्या आवारातून जात होती. त्यानं सकाळीच कुंपण काढून ठेवलं होतं. अंगणातल्या चिखलात कुणी घसरू नये म्हणून पेंढाही पसरला होता म्हणे.

आता एक रीत सांगायला हवी. घराच्या मधल्या खांबाला आम्ही घराची बेंबी म्हणतो. घर नेताना बेंबी वाटेत टेकू द्यायची नाही. टेकलीच, तर ती जागा घराची. तिथे नारळाचं रोप लावायचं आणि त्याला फळ धरेपर्यंत घर हलवायचं नाही. घराच्या धन्यानंही कुरकुरायचं नाही आणि जमिनीच्याही.

अंगणाच्या मधोमध लामाप्पा किंचाळला.

"आई गं! पाय मुरगळला! टेकवा, टेकवा!"

घर धप्पकन बसलं. सगळे मधल्या खांबाकडे बघत राहिले.

"उचला!" खिडकीतून आवाज आला. "बघताय काय? उचला म्हणते ना!"

"आता कसं उचलणार, मावशी?" दाएंग पासोनं डोकं खाजवलं. "बेंबी टेकली."

"या मुडद्याला इथेच पाय मुरगळायचा होता?"

"माझंच नशीब फुटकं," लामाप्पा पाऊल धरून कण्हला. "आता ही जन्मभर माझ्या उशाशी बोंबलणार!"

रीत ती रीत. तिच्यापुढे इसाब्बेचंही काही चाललं नाही. बायकांनी केळीच्या पानात उकडलेलं गोड बारोंको आणलं, चहा आणला आणि गडी सावलीत बसून खाऊ लागले. इसाब्बे शिव्या देत खाली उतरली. घर कुठे कललंय का ते बघायला ती वाकून घराखाली शिरली.

घर तसूभरही कललं नव्हतं. एवढ्या चिखलात? तिनं पायानं पेंढा सारला. खांबाखाली सपाट दगड होता, चांगला ठोकून बसवलेला. तिनं दुसऱ्या खांबाचा पेंढा सारला. तिथेही दगड. बेंबीच्या खांबाखालचा तर सगळ्यात मोठा, घासून धुतलेला. त्याच्याशेजारी दोरी पडली होती. दोरीला गाठी होत्या, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतच्या मापाच्या. दोरीला अजून माशांचा वास येत होता.

इसाब्बे तिथेच खाली बसली. इथून हाक मारली तर दोन घरांत ऐकू जाणार होती. टेकडी लांब राहिली होती. आणि कुणाच्या उपकाराचा शब्दही कुणी काढला नव्हता. तिला रडू फुटलं. पदरानं तोंड पुसून तिनं पेंढा होता तसा सारून ठेवला.

मग बारोंकोची सगळ्यात मोठी पुडी उचलून ती बाहेर आली. लामाप्पा नारळाच्या रोपासाठी खड्डा खणत होता. फावड्यावर पाय देऊन, चांगला जोर लावून.

तिनं पुडी त्याच्या हातात ठेवली.

"पाय कसा आहे रे?"

लामाप्पा गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी असं मऊ बोललीच नव्हती.

"कुठला पाय?" तो म्हणाला.