काठोकाठ बादली

"पिकअपच घेऊ. भांडी आणि तुझ्या सहाही स्वयंपाकिणी मागं मावतात. बंद व्हॅन घेतली तर बायकांना काय टपावर बसवणार?" वत्सलाबाईंचे यजमान गाड्यांच्या विक्रेत्याकडं बघून हसले.

वत्सलाबाई हसल्या नाहीत. लग्नाचं जेवण पोचवायला जाताना भाड्याच्या पिकअपमध्ये गरम आमटीचं पातेलं पायावर कलंडलं, तेव्हापासून त्या सहाजणींतली गोदाक्का लंगडत होती. "बायका एसटीनं येतील. अर्धं तिकीट आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"एका पातेल्यापायी?"

वत्सलाबाईंनी पाण्याची बादली काठोकाठ भरून मागितली आणि पिकअपच्या हौद्यात ठेवली. "चालवून बघायचीच आहे ना? तुम्ही मागं बसा, बादली धरून."

"लोक हसतील."

"गोदाक्काला कुणी हसलं नाही."

गाडी निघाली. वत्सलाबाई पुढं विक्रेत्याशेजारी जप करत बसल्या. दुसऱ्या गतिरोधकावर मागं काहीतरी धाडकन आदळलं. वत्सलाबाईंच्या ओठांवरचा जप थांबला.

"थांबवू का?" विक्रेत्यानं विचारलं.

त्यांनी पदर मुठीत घट्ट धरला. "त्या वळणापर्यंत जाऊ द्या."

यजमान कोपर चोळत उतरले, कमरेपर्यंत भिजलेले.

"व्हॅन दाखवा," ते विक्रेत्याला म्हणाले. मग बायकोकडं न बघता पुटपुटले, "हे तर गार पाणी होतं."