लांब शेपटीचा वस्तरा

"तो लांब शेपटीचा वस्तरा माझा हाये," दारातच कवडू म्हणाला. "म्हणजे, मीनंच बनवला."

रोहितनं त्याच्याकडे पाहिलं. पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या बाह्यांवर ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं, काखेत एक खोकं. भांडायला आल्यासारखा दिसत नव्हता. रोहितनं दार पुरतं उघडलं.

सक्करदऱ्याच्या या फ्लॅटमध्ये बसून रोहित वस्तऱ्यांचे व्हिडिओ करायचा. महिन्याभरापूर्वीचा व्हिडिओ होता 'मला न आवडणारे वस्तरे'. पात्यावर सोनेरी नक्षी, मुठीवर कवटी, पात्याला सुईसारखं टोक. एकेक हातात घेऊन तो तोंड वाकडं करत गेला होता. शेवटचा वस्तरा कवडूनं पारशिवनीहून नमुना म्हणून पाठवलेला. बोट टेकायला पात्यामागे जी छोटी दांडी असते, ती याची दुप्पट लांब आणि खाली वळलेली. "वस्तरा आहे की विळा? हे शेपूट बघूनच दाढी करायची इच्छा मरते," असं म्हणून तो स्वतःच हसला होता. अडीच लाख लोकांनी ते पाहिलं.

"सीताबर्डीच्या दुकानदारानं बारा नग वापस केले आज," खोकं टेबलावर ठेवत कवडू म्हणाला. "त्यानंच मले मोबाइलवर तुमचा व्हिडिओ दाखवला."

"काका, आवडनिवड असते ना प्रत्येकाची. मले नाही आवडला, मी तसं सांगितलं."

"धार कशी वाटली?"

"वापरून नाही पाहिला. मी डिझाइनवर बोललो."

कवडूनं मान हलवली. पाणीही न मागता तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"दिसायचं म्हणाल तं मलेही नाही आवडत ते शेपूट," तो म्हणाला. "पण माह्या मोठ्या भावाचा उजव्या हाताचा आंगठा आन् पहिलं बोट थ्रेशरमध्ये गेलं. दाढी वहिनी करून द्याची. लहान पोरासारखी हनुवटी धरून. त्याले ते सहन नाही झालं. महिना महिना दाढी ठेवे, घराबाहेर निघत नव्हता. मग मी बनवाले बसलो. चार बिघडले. पाचव्याले दांडी लांब केली, वळवली, तं ते राहिलेल्या तीन बोटांत बसली. नऊ वर्षं झाली, आपल्या हातानं करून राहिला. गावातल्या म्हाताऱ्या लोकायचे हात आखडते, त्यायनंही तसाच मागतला. म्हणून तसेच बनवत गेलो."

रोहितनं खोक्यातला एक वस्तरा काढून शेपटीवर बोट फिरवलं.

"खराब दिसते म्हणा, काही हरकत नाही," कवडू म्हणाला. "फक्त शेपूट काहून हाये, तेही सांगा. एवढंच म्हणाले आलो."

रोहितचा चेहरा बदलला. त्याला वाईट वाटलं असावं, असं कवडूला वाटलं.

"अरे यार, काका, हे आधी काहून नाही सांगितलं?" रोहित उठूनच उभा राहिला. "ही तर जबरदस्त स्टोरी आहे! भाऊ कुठं आहेत तुमचे?"

"खाली. गाडीपाशी बसून हाये."

"बोलवा ना वर. आत्ताच करू."

"तो लोकायसमोर हात काढत नाही, सर. खिशातच ठेवते."

"पाच मिनिटं फक्त. बाराचे बाराशे वस्तरे जातील तुमचे."

कवडू खाली गेला. बऱ्याच वेळानं दोघं वर आले. मोठा भाऊ चंपत पुढे, उजवा हात पँटच्या खिशात. मागून येणारा कवडू जमिनीकडे पाहत होता.

रोहितनं खिडकीजवळ खुर्ची मांडली, फोन स्टँडला लावला, वाटीत पाणी आणलं. फेस त्यानंच चंपतच्या गालांवर लावला. कवडूनं एका हातात आरसा धरला, दुसऱ्यानं खोक्यातला वस्तरा पुढे केला. चंपतनं एकदा फोनकडे पाहिलं आणि हात खिशातून काढला.

तीन बोटं शेपटीभोवती वळली. कानाच्या पाळीपासून जबड्यापर्यंत वस्तरा एका ओघात उतरला. फेसाखालून साफ कातडी निघाली. पुन्हा एकदा. हात कुठंच अडला नाही. आता पाहा म्हणावं, असं कवडूला वाटलं. त्यानं मान वर करून रोहितकडे पाहिलं.

"थांबा, थांबा," रोहित चंपतला म्हणाला. "काका, एवढं सहज नका करू. तुम्हाला काही त्रास आहे असं वाटतच नाही. जरा अडखळा. हात थोडा थरथरू द्या."

"पण त्याले त्रास नाही होत," कवडू म्हणाला. "त्याच्यासाठीच तं बनवला."

"मले समजलं हो. पण पाहणाऱ्याला समजलं पाहिजे ना."

कवडूनं आरसा खाली केला. "चाल गा भाऊ. जाऊ आपण."

चंपत उठला नाही. टेबलावरच्या खोक्याकडे तो थोडा वेळ पाहत राहिला.

"आरसा धर," तो म्हणाला.

कवडूनं धरला. चंपतनं वस्तरा हनुवटीपाशी नेला आणि हात हलवला. नुसता हलवला, तेव्हा ते खोटं दिसलं. त्यालाही ते कळलं असावं. दुसऱ्यांदा त्यानं पातं टेकवून हात हलवला. पांढऱ्या फेसात लाल रेघ उमटली आणि खाली ओघळली. रोहितनं फोन स्टँडवरून काढून जवळ आणला.

कवडूनं खांद्यावरचा दुपट्टा पुढे केला. चंपतनं तो कोपरानं बाजूला सारला. आरशात तो पाहतच नव्हता.

"बरोबर आलं का, साहेब?" फोनकडे पाहत त्यानं विचारलं. "नाही तं या गालावर अजून जागा हाये."