गाळायचं राहिलेलं रडू

वार गर्भाशयात रुतली असेल तर बाळंतीण रक्त वाहून दगावते, हे कोंडाबाईला ठाऊक होतं. आणि सुनेचा एमआरआय बघणारी डॉक्टरीण तर कालची पोर!

"काकू, निवृत्त झालेल्या डॉक्टर सबनीसांचा तीस वर्षांचा अनुभव सकाळीच माझ्या मेंदूत भरलाय," केतकी म्हणाली. "वार रुतलेली नाही."

"मग गं बाई, डोळ्यांतून पाणी का गळतंय?"

केतकीने गाल चाचपला आणि ती चपापली. पडद्यावरच्या एका काळ्या डागावरून तिची नजर हटेना.

"असा डाग सबनीसांच्या नजरेतून कधीतरी सुटला असणार, आणि ती बाई गेली असणार. आम्हाला अनुभव देतात तो चुका गाळून. त्या चुकीचं रडू तेवढं गाळायचं राहिलं."

"मग बसलीस काय, भवाने? सुनेला ऑपरेशनच्या टेबलावर घेतायत!"

केतकी फोनवर ओरडली, "थांबा! आधी रक्त आणा, मगच हात लावा."